गुन्हा कबूल केला. शिक्षेच्या दिवशी त्याच्या बाजूने कोण?

पोस्ट लांब झाली आहे. सवडीने वाचा, पण सोमवारच्या आत वाचा.

आपल्या तालुक्याच्या कोर्टात गेल्या आठवड्यात एका पोरानं चोरीचा गुन्हा कबूल केला. त्याचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे. प्रकरण फेब्रुवारी 2024 मधलं. विहिरीवरची पाण्याची मोटार आणि केबल चोरीला गेली. मोटार फोडून तांबं काढलं, ते भंगारात गेलं, हातात आले अडीच-तीन हजार रुपये. पोलिसांनी दोघांना आरोपी केलं. एक हा पोरगा, आणि दुसरा तो भंगारवाला, ज्याने तांबं घेतलं असं पोलिसांचं म्हणणं आहे. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? भंगारवाला म्हणाला, नाही. पोरगा म्हणाला, "हो साहेब, मी नेली होती."

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी त्याला परत समजावून सांगितलं की कबूल केलंस तर शिक्षा होईल, जेलमध्येही जावं लागेल, कुणाचा दबाव आहे का? तो म्हणाला, दबाव नाही. कबुली लिहून घेतली, त्याला दोषी धरलं, आणि शिक्षेवर म्हणणं ऐकायला सोमवारची तारीख दिली.

कोर्टाच्या बातम्या करायला लागून मला आता वीसेक वर्षं होतील. किरकोळ केसमध्ये रोज कुणीतरी "कबूल" म्हणतं. जुगार, दारू पिऊन गाडी चालवणं, रस्त्यात हातगाडी लावणं. दंड भरायचा आणि घरी जायचं, किंवा "कोर्ट उठेपर्यंत शिक्षा" म्हणून संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं. पण चोरीसारख्या गुन्ह्यात, वकील शेजारी उभा असताना, सोबतचा आरोपी नाही म्हणत असताना "मी नेली" म्हणणारा माणूस फार क्वचित दिसतो. का दिसत नाही, हे समजून घेतलं पाहिजे.

हा पोरगा जर "कबूल नाही" म्हणाला असता तर काय झालं असतं? केस पुढे चालली असती. पंचांना समन्स गेलं असतं. दोन तारखांना ते आले नसते, तिसऱ्या तारखेला येऊन म्हणाले असते, "आम्हाला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या." मोटार तर वितळून गेलेली, मग ओळख कशाची पटवणार? तीन-चार वर्षांनी संशयाचा फायदा देऊन सुटका. हे मी अंदाजाने सांगत नाही, अशा निकालांच्या बातम्या मीच दिल्या आहेत, दोन-दोन ओळींच्या. भंगारवाल्याची केस आता वेगळी चालेल. त्याने घेतलं की नाही ते कोर्ट ठरवेल, मी त्याला दोषी म्हणत नाही. पण व्यवहार काय झालाय बघा. जो नाही म्हणाला त्याच्यासमोर सुटण्याचा रस्ता उघडा आहे, आणि जो खरं बोलला तो त्याच दिवशी दोषी ठरला. त्याला अपीलही जवळपास उरलं नाही. कबुलीवरून दोषी ठरलेल्या माणसाला "मी दोषी नाही" म्हणून वर जाता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच म्हणता येतं. म्हणजे त्याचं जे काही व्हायचं ते सोमवारच्या त्या सुनावणीत होणार.

आता शेतकऱ्याचं. मी त्यांच्याकडे जाऊन आलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन एकर गहू. गहू ओंबीवर होता तेव्हा मोटार गेली. पाण्याची एक पाळी चुकली. शेजाऱ्याकडून पाणी घ्यायचं म्हटलं तर त्याच्याच विहिरीला पुरत नव्हतं. शेवटी उसनवारी करून 14,000 रुपयांना जुनी मोटार आणि केबल आणली. उतारा निम्म्यावर आला. "मोटारीचं एक वेळ सोडा, पण त्या पाळीचं काय?" असं त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोरीच्या कलमात मालकाला तडजोड करता येते. तसं विचारणं झालं, त्यांनी नाही म्हटलं. कोर्ट काय ते बघेल म्हणाले. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. केबल, स्टार्टर, मोटारी चोरणाऱ्यांनी आपल्या भागात शेतकऱ्याचा जीव नको केलाय, हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझ्या चुलत्याच्या विहिरीवरची केबल दोनदा गेली आहे. चोर सापडला नाही.

तरीही मी म्हणतो की या पोराला जेलमध्ये पाठवू नये. आणि नुसतं "गरीब आहे, सोडून द्या" असं माझं म्हणणं नाही.

आपल्याकडे शिक्षेवरची सुनावणी कशी होते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कायदा म्हणतो, दोषी ठरवल्यावर शिक्षा देण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐका. ते "म्हणणं" साधारण एका मिनिटात संपतं. "साहेब, आरोपी गरीब आहे, घरात कमावता एकटाच आहे, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी." सरकारी वकील उठून म्हणतात, "समाजात चुकीचा संदेश जाईल, जास्तीत जास्त शिक्षा व्हावी." झालं. दोन्ही वाक्यं इतकी पाठ झालेली आहेत की स्टेनो ती ऐकायच्या आधीच टाइप करतो. समोर कागद एकही नाही. पोरगा कुठे राहतो, काय काम करतो, सुटल्यापासून कसा वागला, नुकसान भरून द्यायला तयार आहे का, यातलं काहीही न्यायाधीशांच्या टेबलावर येत नाही. मग त्यांनी सवलत द्यायची कशाच्या आधारावर? हातात दोनशे फायली, बोर्ड संपवायचा. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही.

आणि खरं सांगायचं तर "दया" हा शब्दच मला इथे पटत नाही. दया मागायची ती राजाकडे. इथे कायद्यात लिहिलेली गोष्ट मागायची आहे. 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, वकील मंडळी ज्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतात. त्यात जन्मठेप किंवा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, परिस्थिती पाहून, दोषीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. या काळात परत काही केलं तर बोलावून शिक्षा. सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायचा हुकूमही त्याच वेळी करता येतो. साध्या चोरीत पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्याला नुसती समज देऊन सोडायचीही सोय त्याच कायद्यात आहे. उलट, हा कायदा लावता येत असताना कोर्टाने तो लावला नाही, तर का लावला नाही त्याची खास कारणं निकालात लिहावी लागतात. आमच्याकडच्या किती निकालपत्रांत ती कारणं असतात? मी वाचलेल्यांत बहुतेक वेळा एकच ओळ: "गुन्ह्याचे स्वरूप पाहता परिवीक्षेचा लाभ देणे योग्य वाटत नाही."

याच कायद्याचं सहावं कलम सांगतं की एकवीस वर्षांच्या आतल्या तरुणाला अशा गुन्ह्यात सहसा तुरुंगात पाठवू नये. पाठवायचंच असेल तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा, कारणं लिहा. चोरी झाली तेव्हा हा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. मग हे कलम लागायला हवं ना? नाही लागत. सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच स्पष्ट केलंय की वय बघायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं. गेल्या दिवाळीत त्याला एकवीस पूर्ण झाली. मधल्या काळात दोषारोपपत्र यायला सहा महिने गेले, भंगारवाल्याला समन्स लागेना म्हणून चार तारखा गेल्या, एका न्यायाधीशांची बदली झाली, नवीन यायला वेळ लागला. प्रत्येक तारखेला हा पोरगा हजर होता. माझ्यासमोर रोजनामा आहे, त्यात एकदाही "आरोपी गैरहजर" नाही. चार्ज वेळेत फ्रेम झाला असता तर त्याने तेव्हाच कबूल केलं असतं आणि सहाव्या कलमाचं संरक्षण त्याला आपोआप मिळालं असतं. यंत्रणा उशीर करते आणि वय मात्र आरोपीचं वाढतं.

आता चौथं कलम उरतं. त्याला एक अट आहे आणि मी ही पोस्ट त्या अटीसाठी लिहितोय. कोर्टाची खात्री पटली पाहिजे की आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं इथे कायमचं राहण्याचं ठिकाण तरी आहे किंवा नियमित कामधंदा तरी आहे. राहण्याचं ठिकाण? आई ऊसतोडीला जाते, सहा महिने कर्नाटकाच्या सीमेवर. गावातली खोली भाड्याची, करार नाही. बाप नाही. अटक झाली तेव्हा सात-बारावाला जामीनदार मिळेना म्हणून हा 41 दिवस आत राहिला. जामीन मंजूर होता, सही करायला माणूस नव्हता. राहिला कामधंदा. तो आहे. सुटून आल्यापासून एका वेल्डिंग वर्कशॉपमध्ये तो कामाला आहे, वर्ष उलटून गेलं. दुकानाची चावी रात्री त्याच्याकडे असते हे मी स्वतः पाहिलंय. मालक चांगला माणूस आहे. मी त्यांना म्हटलं, सोमवारी या, एवढंच सांगा की हा माझ्याकडे कामाला आहे. ते म्हणाले, "भाऊ, पोरगं चांगलंय, पण कोर्टाच्या भानगडीत मला घेऊ नका."

मालकांचं नाव मी लिहिणार नाही, पण त्यांनी हे वाचावं. कोर्टात येऊन खरं बोलणं ही भानगड नाही. भानगड तो पोरगा करून बसला होता आणि त्याने ती मान्य केली आहे.

मला 2013 आठवतं. संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली दोषी धरणं सुप्रीम कोर्टाने कायम ठेवलं आणि शिक्षा पाच वर्षांवर आणली तेव्हा माफीसाठी किती लोक पुढे आले होते! सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायमूर्ती आणि तेव्हाचे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी जाहीर मागणी केली होती. त्याने समाजाला काय दिलं, त्याची मुलं लहान आहेत, इतकी वर्षं त्याने भोगलंय, सगळं सांगून झालं. माफी मिळाली नाही, तो भाग वेगळा. त्याने तर कोर्टात गुन्हा कबूलही केला नव्हता. पण त्याच्या बाजूने बोलायला राज्यपालांपर्यंत जाणारी माणसं होती. आपल्या पोरासाठी वेल्डिंगवाल्याने अर्धा दिवस दुकान बंद ठेवायचं आहे.

कबुलीला काही किंमत असावी की नाही, यावर वकील मंडळींत दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. इंग्लंडात पहिल्याच टप्प्यावर कबूल केलं तर शिक्षेत एक-तृतीयांशपर्यंत सूट मिळते, तसं तिथलं मार्गदर्शक तत्त्वच आहे. आपल्याकडे असा सरळ नियम नाही. 1976 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका भेसळीच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कबुली देऊन कमी शिक्षा पदरात पाडून घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले होते. भेसळ करणारा पैसेवाला, कबूल करतो, किरकोळ दंड भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो, हे चालायचं नाही असा त्याचा आशय. ते बरोबरच होतं. ऐंशीच्या दशकात सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली: कमी शिक्षेचं आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि मग अपिलात शिक्षा वाढवायची, हा आरोपीवर अन्याय आहे. पुढे 2006 पासून सौदेबाजीची अधिकृत सोय झाली, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांसाठी, फिर्यादीला सोबत घेऊन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आमच्या कोर्टात तसा अर्ज आलेला मी अजून पाहिला नाही. वकील म्हणतात, साक्षीदार फुटायची वाट बघितली तर सुटतोच आहे, मग कबूल कशाला करायचं?

आणि एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. कबुलीला सवलत द्यायची म्हटलं की न केलेल्या गुन्ह्याचीही कबुली द्यायला गरीब माणूस तयार होतो. जेलमध्ये महिनोन् महिने पडलेला कच्चा कैदी "जेवढी भोगली तेवढीच शिक्षा" मिळेल या आशेवर हो म्हणतो, कारण हो म्हटलं तर आज घरी आणि नाही म्हटलं तर पुढची तारीख. देशातल्या कैद्यांमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, तेव्हा ही भीती कागदावरची नाही. म्हणून कबुली कोणत्या परिस्थितीत आली ते कोर्टाने तपासलंच पाहिजे. या पोराचं तसं नाही. तो दीड वर्षाहून जास्त काळ जामिनावर बाहेर आहे. त्याला घाई नव्हती. मी त्याला विचारलं, का कबूल केलंस? म्हणाला, "ते बाबा समोर बसले होते. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणू?" बाबा म्हणजे ते शेतकरी.

त्याचे वकील विधी सेवेकडून मिळालेले आहेत, तरुण आहेत, मेहनती आहेत. पण तेही आधी "भोगलेली शिक्षा द्यावी" एवढंच मागणार होते. 41 दिवस झालेत, तेवढीच शिक्षा मिळाली की घरी. ऐकायला बरं वाटतं. पण ती शिक्षा झाली म्हणजे कैदेची शिक्षा झालेला माणूस म्हणून नोंद झाली. उद्या एसटीत, सिक्युरिटीत, एमआयडीसीतल्या कंपनीत चारित्र्य पडताळणी आली की तिथेच थांबला. परिवीक्षेवर सुटला तर त्याच कायद्याचं बारावं कलम सांगतं की दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागू होणार नाही. दोषी ठरला हे राहतंच, ते लपवता येत नाही, आणि नोकरीची हमीही मिळत नाही. पण एकवीस वर्षांच्या पोराला दार पूर्ण बंद होणं आणि अर्धं उघडं राहणं यात फरक आहे. वकिलांना हे पटलं. सोमवारी ते परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याचा अर्ज देणार आहेत.

काही जण म्हणतील, पत्रकाराने कोर्टात चालू असलेल्या केसवर लिहू नये. न्यायाधीशांनी काय निकाल द्यावा हे मी त्यांना सांगत नाही, आणि ते फेसबुक वाचून निकाल देत नाहीत हेही मला माहीत आहे. मी तुम्हाला सांगतोय. शिक्षा किती हे ठरवायला समोर माहिती लागते, आणि ती माहिती गावाकडे आहे. 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला आणि सवलत तर नाहीच, उलट जास्तीत जास्त शिक्षा मागितली. तरीसुद्धा न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षं का, हे सांगितलं. टिळकांना 1908 मध्ये दिलेली सहा वर्षांची शिक्षा समोर ठेवून त्यांनी ती ठरवली. शिक्षेचा आकडा हवेतून पडत नाही. कुणीतरी काहीतरी समोर ठेवावं लागतं.

शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल. पोराच्या आईने ऊसतोडीच्या उचलीतून 6,000 रुपये वकिलांकडे आणून दिले आहेत. बाकीचे 8,000 दर महिन्याला हजार असे कोर्टात भरायची त्याची तयारी आहे, तसं लेखी देणार आहे. पाण्याच्या चुकलेल्या पाळीची भरपाई यात नाही, हे मला मान्य आहे. पण त्याला सहा महिने आत टाकलं तर शेतकऱ्याला यातलं काहीच मिळणार नाही, आणि पोराला येरवड्यात किंवा हर्सूलमध्ये नवे गुरू मिळतील. "हात तोडा", "धिंड काढा" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमची केबल नेणारा उद्या सापडला तर त्याने कबूल करावं असं तुम्हाला वाटतं ना? मग या पोराचं काय होतंय ते तोही बघतोय.

शेतकऱ्यांना मी माफ करा असं म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. त्यांनी सोमवारी येऊन आपलं नुकसान कोर्टाला स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढंच म्हटलं. ते येतो म्हणाले.

आता ज्यांना काही करायचंय त्यांच्यासाठी. ज्यांनी या पोराला काम करताना पाहिलंय त्यांनी आधार कार्ड घेऊन यावं आणि दोन ओळी लिहून आणाव्यात: मी याला किती वर्षं ओळखतो, कसा ओळखतो. स्तुती नको, खोटं तर मुळीच नको. चोरीबद्दल लिहायची गरज नाही, ती त्याने मान्य केली आहे. सरपंचांनी रहिवासाचा दाखला द्यावा. तो ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर लागेल, व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही. वर्कशॉपवाल्यांनी पगाराची वही आणावी, त्यात त्याच्या सह्या आहेत. बंधपत्राला जामीनदार लागला तर एका सात-बारावाल्याने सोबत असावं. दोघांनी मला फोन केलाय, तिसरा असला तर बरं, कारण आयत्या वेळी कुणाची तरी म्हैस आजारी पडते.

बोर्डावर केस सतरावी आहे. वकील साडेदहाला बार रूममध्ये असतील, मी बाहेर कँटीनजवळ.